तीन दाढांचा प्राणी: अफ्रोटार्सियस नक्की कुणाच्या घरातला?

मागच्या मे महिन्यात गावच्या घराचा माळा साफ करत होतो, तर एका कोपऱ्यात काळपट राखाडी गोळ्यांचा ढीग सापडला. आईला वाटलं मांजराने घाण केलीय, पण ते गव्हाणी घुबडाचे गोळे होते. घुबड उंदीर, चिचुंद्री असलं काही आख्खं गिळतं, मांस पचवतं आणि केस नि हाडं यांचा गोळा करून तोंडावाटे टाकून देतं. त्यातले चार गोळे मी डब्यात भरून घरी आणले, कोमट पाण्यात भिजवले, चिमट्याने हळूहळू सोडवले आणि हाडं पेपरवर वाळत घातली. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलं एक भिंग माझ्याकडे आहे, त्यातून बघितलं तर उंदराचा जबडा आणि चिचुंद्रीचा जबडा हे दोन पूर्ण वेगळे प्राणी आहेत हे एका सेकंदात कळलं. उंदराला पुढे एक पिवळट लांब पटाशीचा दात, मग मोकळी जागा, आणि मागे बसक्या दाढा. चिचुंद्रीच्या दाढा म्हणजे नुसते सुळके, करवतीसारखे, टोकदार. एक धान्य कुरतडणारा, दुसरी झुरळं-किडे फोडून खाणारी. बाकीचं शरीर नसतं हातात तरी चाललं असतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आज ज्या प्राण्याबद्दल लिहितेय त्याचं आपल्याकडे जे काही आहे ते बहुतेक सगळं दातच आहेत. त्याचं नाव अफ्रोटार्सियस. सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी इजिप्तमधे राहायचा, हाताच्या मुठीत मावेल एवढा. १९८५ साली त्याला नाव मिळालं तेव्हा शोधणाऱ्यांना वाटलं की हा आफ्रिकेतला पहिला टार्सियर आहे, म्हणून नावातच टार्सियस घातलं. आणि तेव्हापासून वाद चालू आहे की हा टार्सियर आहे की माकडांच्या, म्हणजे शेवटी आपल्याच, घराण्यातला कुणी लांबचा चुलत-पूर्वज. मला हा वाद फार आवडतो कारण तो समजून घेता घेता दात वाचायला शिकता येतं, आणि प्राण्यांचं वर्गीकरण म्हणजे पाठांतर नसून पुराव्याचा खेळ आहे हे नीट कळतं.

आधी टार्सियर म्हणजे कोण ते बघू, कारण रील्समधे मोठ्या डोळ्यांचा प्राणी दिसला की खाली लगेच कुणीतरी लोरिस म्हणून लिहितं. लोरिस वेगळा. लोरिस आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या जंगलात आहे, सावकाश चालतो, नाक कुत्र्यासारखं ओलं. टार्सियर भारतात नाहीच. तो आज फक्त फिलिपिन्स, बोर्निओ, सुमात्रा आणि सुलावेसी आणि आसपासच्या बेटांवर मिळतो. वजन साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम. एकेक डोळा जवळपास १६ मिलिमीटरचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मेंदूच्या बरोबरीचा. डोळे खोबणीत फिरवता येत नाहीत म्हणून मान इतकी वळवतो की थेट पाठीमागचं दिसतं. पायाच्या घोट्याजवळची हाडं, ज्याला टार्सस म्हणतात ती, खूप लांब झालेली, त्यावरूनच नाव टार्सियर. या लांब पायांमुळे तो एका उडीत स्वतःच्या कित्येक पट अंतर पार करतो. आणि खाण्यात पान नाही, फळ नाही, काही नाही, फक्त जिवंत भक्ष्य: किडे, पाली, कधी लहान पक्षी. माणूस आणि माकडं धरून सगळ्या प्रायमेट्समधे असा शंभर टक्के मांसाहारी हा एकटाच.

आता याचं गोत्र. प्रायमेट्सचे ढोबळ दोन गट करतात. एका गटात लेमूर, लोरिस, गलागो, ओल्या नाकाचे. दुसऱ्या गटात कोरड्या नाकाचे: टार्सियर, माकडं, वानर, कपी आणि आपण. दिसायला टार्सियर लोरिसचा भाऊ वाटतो पण तो आपल्या बाजूचा आहे, हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. मांजराच्या डोळ्यावर टॉर्च मारला की डोळे चमकतात ना, तो आतला परावर्तक पडदा लोरिसला असतो, टार्सियरला नसतो, आपल्यालाही नाही. व्हिटॅमिन सी शरीरात तयार करता येत नाही, त्यालाही नाही आणि आपल्यालाही नाही. रात्री हिंडायचं आणि डोळ्यात तो पडदा नाही, म्हणून मग डोळाच एवढा मोठा झाला असणार असं मानतात, आणि मला ते पटतं. म्हणजे माकडांचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक हा टार्सियर. दोघांच्या वाटा कधी आणि कुठे वेगळ्या झाल्या, हा प्रश्न आपल्या स्वतःच्या वंशावळीतला प्रश्न आहे, आणि अफ्रोटार्सियस नेमका त्या फाट्यावर उभा आहे.

अफ्रोटार्सियस जिथे सापडला ते फायूम हे ठिकाण इजिप्तमधे कैरोच्या नैऋत्येला, नाईलच्या पश्चिमेला. आज तिथे रखरखीत वाळवंट आहे, पण त्या काळी तिथे समुद्राजवळचं दमट जंगल होतं, नद्या होत्या, दलदल होती. एल्विन सायमन्स नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ १९६१ पासून तिथे दरवर्षी-दोन वर्षांनी खोदायला जायचे, आधी येल विद्यापीठातून आणि मग ड्यूकमधून, कित्येक दशकं. तिथली एक पद्धत मला फार सुंदर वाटते. वाळवंटाच्या पृष्ठभागावर खडे-गोट्यांचा एक थर असतो, तो खालच्या मऊ मातीला वाऱ्यापासून धरून ठेवतो. ही माणसं तो थर झाडूने झाडून काढायची आणि निघून जायची. मग वर्षभर वारा खालची माती उडवत राहायचा आणि पुढच्या वेळी येऊन बघावं तर नवी हाडं, दात वर आलेले असायचे. आपण अंगण झाडतो तसं वाळवंट झाडायचं आणि खोदायचं काम वाऱ्यावर सोपवायचं. एवढ्या नाजूक, तांदळाच्या कणीएवढ्या दाढा कुदळ-फावड्याने कशा मिळणार होत्या?

तिथल्या एम नावाच्या खाणीत खालच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. त्यात तीन दाढा शाबूत, आणि त्यांच्या पुढच्या उपदाढांचे थोडे भाग. बस. सायमन्स आणि थॉमस बाऊन यांनी १९८५ मधे त्याला नाव दिलं अफ्रोटार्सियस चत्रथी. यातलं चत्रथी वाचून मी थांबले होते, कारण नाव आपल्याकडचं वाटतं आणि ते आहेच तसं. प्रिथिजित चत्रथ हे सायमन्स यांच्या फायूम मोहिमांचं प्रत्यक्ष फील्डवरचं काम बघायचे, त्यांच्या मानार्थ हे नाव. लॅटिन नियमाप्रमाणे पुरुषाच्या नावाला शेवटी ई लावतात, त्यामुळे ते मराठीतल्या विशेषणासारखं झालंय, जसं सातारी कंदी पेढा तसं चत्रथी. उन्हातान्हात झाडू मारणाऱ्या, वाळू चाळणाऱ्या टीमला सांभाळणाऱ्या माणसाचं नाव एका प्राण्याला कायमचं मिळालं हे मला फार मोलाचं वाटतं, कारण अशी नावं बहुतेक वेळा मोठ्या पदावरच्यांची असतात.

आता दाढा. हा भाग जरा निवांत वाचा, कारण सगळी गंमत इथेच आहे.

जिभेचं टोक तुमच्या खालच्या पहिल्या मोठ्या दाढेवर फिरवा, अक्कलदाढ नाही, तिच्या दोन घरं पुढची. उंचवटे जाणवतील. बहुतेकांना तिथे पाच असतात, तीन गालाच्या बाजूला, दोन जिभेच्या बाजूला. दाताचा डॉक्टर फिलिंग करताना शेवटी ज्या खोबणी कोरून काढतो त्या या उंचवट्यांमधल्या. आता या पाचही उंचवट्यांना नावं आहेत आणि गंमत म्हणजे तीच नावं चिचुंद्रीला, वटवाघळाला, टार्सियरला, सगळ्यांना लागू पडतात, कारण सस्तन प्राण्यांच्या दाढांचा मूळ नकाशा एकच होता आणि ज्याने त्याने त्यात आपापल्या सोयीने फेरफार केलेत.

मूळ नकाशा असा. खालच्या दाढेचे दोन भाग, पुढचा आणि मागचा. पुढचा भाग उंच, त्यावर तीन सुळके त्रिकोणात, प्रोटोकोनिड, पॅराकोनिड आणि मेटाकोनिड, या त्रिकोणाला म्हणतात ट्रायगोनिड. मागचा भाग बसका, मधे खोलगट वाटीसारखा, कडेने तीन लहान उंचवटे, त्या वाटीला म्हणतात टॅलोनिड. वरची दाढ त्रिकोणी, बाहेरच्या बाजूला दोन सुळके आणि आत जिभेकडे एक, प्रोटोकोन. तोंड मिटलं की वरचा प्रोटोकोन बरोबर खालच्या टॅलोनिडच्या वाटीत जाऊन बसतो, खलबत्त्यातल्या बत्त्यासारखा. आणि त्याच वेळी ट्रायगोनिडच्या धारा वरच्या दोन दाढांच्या मधल्या फटीत घुसतात, अडकित्त्यासारख्या. म्हणजे एकाच चावण्यात आधी कातरणं आणि मग कुटणं. सुपारी कातरून लगेच खलात कुटल्यासारखं. किड्याचं कडक कवच फोडायला याच्यापेक्षा चांगलं यंत्र नाही.

नावांचा एक साधा नियम लक्षात ठेवला की पुढे गोंधळ होत नाही: शेवटी इड असेल तर खालचा दात, नसेल तर वरचा. प्रोटोकोन वरचा, प्रोटोकोनिड खालचा.

आपल्या बाबतीत काय झालं, तर आपण फळं, कंद, शिजवलेलं अन्न अशा मऊ खाण्याकडे वळलेल्यांचे वंशज, आपल्याला कातरण्यापेक्षा भरडायची गरज जास्त. त्यामुळे आपल्या खालच्या दाढेतला पॅराकोनिड, म्हणजे पुढचा जिभेकडचा सुळका, गेला. सहाचे पाच झाले. पुढचा भाग बसून मागच्याच्या लेव्हलला आला, आणि वरच्या दाढेला उलट एक जास्तीचा चौथा उंचवटा आला, हायपोकोन, त्यामुळे त्रिकोणाचा चौकोन झाला. आपल्या दाढा म्हणजे चौकोनी जातं.

टार्सियरने मात्र जुना नकाशा जवळजवळ तसाच ठेवलाय. खालच्या तिन्ही दाढांवर पॅराकोनिड ठळक, सुळके टोकदार, टॅलोनिडची वाटी रुंद आणि खोल, वरच्या दाढा त्रिकोणी, हायपोकोन नाही. एकूण दात ३४, वर दोन्ही बाजूंना मिळून चार पटाशीचे आणि खाली दोनच. हे खालचे दोनच पटाशीचे दात ही टार्सियरची स्वतःची अशी खूण आहे, पण अफ्रोटार्सियसच्या त्या तुकड्यात जबड्याचं पुढचं टोकच नाही, त्यामुळे जी गोष्ट बघून लगेच काहीतरी ठरवता आलं असतं नेमकी तीच नाही. असं फार वेळा होतं या क्षेत्रात, आणि वाचतानाही जीव हळहळतो.

तर १९८५ मधे त्या तीन दाढा बघितल्या तेव्हा त्यात पॅराकोनिड होता, सुळके होते, आकार टार्सियरएवढाच होता, जिवंत टार्सियरच्या दाढेशेजारी ठेवली तर साम्य डोळ्यात भरणारं होतं. सायमन्स आणि बाऊन यांनी त्याला टार्सियरच्या कुळात ठेवलं. पण मला त्यांचं कौतुक वाटतं ते यासाठी की त्यांनी कुळाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं होतं, पेपरच्या शीर्षकातच. म्हणजे टार्सियर असावा, पण खात्री नाही. पुढे लोकांनी नाव लक्षात ठेवलं आणि प्रश्नचिन्ह विसरले.

दोनच वर्षांत, १९८७ मधे, लिओनार्ड गिन्सबर्ग आणि पिएर मॅं या फ्रेंच शास्त्रज्ञांनी थायलंडमधल्या एका खऱ्या जीवाश्म टार्सियरचं वर्णन केलं आणि त्यात म्हटलं की अफ्रोटार्सियस या कुळात बसत नाही. त्यांनी त्याला वेगळं घर बांधून दिलं, अफ्रोटार्सिडी, आणि ते घर टार्सियरच्या नाही तर माकडांच्या वाड्याजवळ ठेवलं.

मग एवढं साम्य असूनही टार्सियर नाही असं कसं म्हणता येतं? इथे वर्गीकरणाचा सगळ्यात महत्त्वाचा नियम येतो आणि तो समजावायला मला पोथीचं उदाहरण सगळ्यात बरं वाटतं. छपाई नव्हती तेव्हा ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हाताने नकलून काढायचे, आणि नकलताना चुका व्हायच्या, म्हणून तर एकनाथांना शके १५०६ मधे वेगवेगळ्या प्रती समोर ठेवून पाठ शुद्ध करायला लागला. आता समजा तुमच्यापुढे दहा पोथ्या आहेत. त्यातल्या दोन पोथ्यांमधे एका ओवीत मूळचाच शब्द आहे. त्यावरून त्या दोन पोथ्या एकमेकींच्या जवळच्या ठरतात का? नाही, कारण मूळ शब्द कुणाकडेही टिकून राहिलेला असू शकतो. पण दोन पोथ्यांमधे एकाच ओवीत एकच विचित्र चूक असेल, जी बाकी आठांमधे नाही, तर मात्र त्या दोन्ही एकाच प्रतीवरून नकलल्या आहेत हे जवळजवळ नक्की. नातं सिद्ध होतं ते नव्या बदलातल्या साम्यावरून. जुनं जपून ठेवण्यातल्या साम्यावरून नाही.

पॅराकोनिड हा मूळ शब्द आहे. तो टार्सियरकडे टिकलाय, चिचुंद्रीकडे टिकलाय, आणि चीनमधे १९९४ साली नाव मिळालेल्या इओसिमियस नावाच्या अगदी सुरुवातीच्या माकड-कुळातल्या प्राण्याकडेही टिकलाय. म्हणजे ज्या काळात माकडांनी अजून आपला पॅराकोनिड टाकला नव्हता त्या काळातलं माकड सापडलं तर त्याची दाढ टार्सियरसारखीच दिसणार! त्यात भर म्हणजे दोघेही लहान, दोघेही किडे खाणारे, त्यामुळे सुळके दोघांचेही धारदारच राहणार. एकच धंदा करणाऱ्या दोन माणसांची हत्यारं सारखी असली म्हणून ते भाऊ होत नाहीत, कोकणातला आणि केरळातला नारळ सोलणारा दोघेही तसल्याच पात्याने सोलतात.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा सगळं चित्रच बदललं. अफ्रोटार्सियस टार्सियरसारखा दिसतो हे वाक्य खरं आहे, पण पुरावा म्हणून ते फार हलकं आहे.

१९९८ मधे टार्सियरवाल्या बाजूला एकदम बळ मिळालं. त्याच फायूममधलं पायाचं एक हाड पुढे आलं, नडगीचं हाड आणि त्याच्या शेजारचं बारीक हाड खालच्या बाजूला जोडून एक झालेलं. टार्सियरमधे असंच असतं, उडी मारून उतरताना पाय पिळवटू नये म्हणून. आणि बघा, ही नवी गोष्ट आहे, पोथीतली चूक आहे, माकडांमधे ती नाही. हे हाड अफ्रोटार्सियसचं असेल तर प्रश्न सुटल्यात जमा. पण असेल तर. ते हाड जबड्याला चिकटून सापडलं नव्हतं, आकार जुळतो आणि जागा जुळते म्हणून त्याला दिलं गेलं, आणि पायाची ही दोन हाडं जोडलेली असणं उंदरांमधे आणि आफ्रिकेतल्या एलिफंट श्रूसारख्या प्राण्यांमधेही दिसतं. त्यामुळे बऱ्याच जणांनी ते हाड अफ्रोटार्सियसचं आहे हे मानलं नाही. माझ्या माळ्यावरच्या गोळ्यात तरी कुठला पाय कुठल्या जबड्याचा हे मला सांगता आलं नव्हतं, आणि तिथे एका गोळ्यात फार तर तीन प्राणी होते. ३ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूत किती असतील.

मग २०१० मधे सहारातूनच, पण इजिप्तच्या शेजारच्या देशातून बातमी आली. लिबियातल्या दुर अत-तलाह इथे ज्याँ-जाक येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बऱ्याच लहान प्रायमेट्सचे सुटे दात मिळाले आणि त्यात अफ्रोटार्सियसची दुसरी जात निघाली, अफ्रोटार्सियस लिबिकस. ही फायूमवाल्यापेक्षा जुनी, इओसीन काळातली, म्हणजे साधारण साडेपाच ते साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या काळातली. या जातीच्या दाढांची ठेवण बघून त्यांनी म्हटलं की वजन माकडांच्या पारड्यात पडतंय.

आणि दोन वर्षांनी, २०१२ मधे, म्यानमार. याओवालाक चायमानी, येगर, ख्रिस्तोफर बियर्ड आणि बाकी शास्त्रज्ञ मंडळींनी पोंडाउंग नावाच्या खडकांमधून सुमारे ३ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या प्राण्याच्या चार दाढा काढल्या. चार. सहा वर्षं माती आणून, भिजवून, चाळून चार दाढा. एवढी वर्षं त्याच चिकाटीने चाळण्या धरणं ही काय चीज असेल याचा विचार करते मी, तेव्हा मला या लोकांपुढे हात जोडावेसे वाटतात. त्या प्राण्याचं नाव ठेवलं अफ्रासिया जिजिडी, आफ्रिका आणि एशिया जोडून अफ्रासिया. या दाढा लिबियाच्या अफ्रोटार्सियसच्या दाढांशी इतक्या जुळत होत्या की फरक शोधायला लागत होता. एक मुख्य फरक असा की अफ्रासियाच्या खालच्या शेवटच्या दाढेच्या मागच्या टोकाला, हायपोकोनुलिडच्या, म्हणजे टॅलोनिडच्या सगळ्यात मागच्या उंचवट्याच्या जागी, मोठा फुगवटा आहे आणि लिबियावाल्याचा लहान झालाय. मोठा असणं जुनं, लहान होणं नवं. म्हणजे आशियातला जुन्या वळणाचा, आफ्रिकेतला जरा बदललेला.

यावरून त्यांनी मांडलं की अफ्रोटार्सियस आणि इओसिमियसची कुळं एकत्र माकडांच्या मुळाशी ठेवावीत, त्यासाठी इओसिमिफॉर्मिस असा एक गट केला, आणि त्यातून जास्त मोठी गोष्ट निघते ती म्हणजे माकडांचे पूर्वज आशियात तयार झाले आणि तिथून आफ्रिकेत गेले. त्या काळी आफ्रिका आणि अरबस्तान मिळून एक बेट होतं, आशिया आणि त्याच्या मधे टेथिस समुद्र. शंभरेक ग्रॅमचे प्राणी तो समुद्र कसे पार करून गेले, बहुधा पुरात वाहून आलेल्या झाडाझुडपांच्या तरंगत्या ढिगाऱ्यावरून, असं मानतात. आणि पलीकडे पोचलेल्यांच्यातून पुढे आफ्रिकेत माकडं, कपी आणि शेवटी आपण. एका दाढेमागचा फुगवटा लहान की मोठा यावर एवढं सगळं टांगलेलं आहे, ऐकायला ते फार नाजूक वाटतं हे मला मान्य आहे, पण त्या काळातलं आपल्याकडे दुसरं आहे काय.

सगळ्यांनी ते मानलं का, तर नाही. तेव्हापासूनच्या वेगवेगळ्या विश्लेषणांमधे अफ्रोटार्सियस कधी माकडांच्या मुळाशी येतो तर कधी टार्सियरच्या बाजूला. ही विश्लेषणं म्हणजे शेकडो खुणांचा एक मोठा तक्ता कॉम्प्युटरला देतात आणि सगळ्यात कमी बदलांत कुठली वंशावळ बसते ते बघतात. आता ज्या प्राण्याचे फक्त दातच आहेत त्याच्या रांगेत कवटी, कान, पाय, घोटा या सगळ्या रकान्यांत रिकाम्या जागा. एवढ्या रिकाम्या जागा असल्या की दोन-तीन खुणा इकडच्या तिकडे झाल्या तरी प्राणी एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उडी मारतो. माझं स्वतःचं मत विचाराल तर मला माकडांकडचं पारडं जड वाटतं, मुख्यतः अफ्रासियामुळे, कारण म्यानमार आणि लिबिया एवढ्या लांबच्या दोन ठिकाणी बारीकसारीक तपशिलांसकट जुळणारी दाढ योगायोगाने येणं कठीण आहे. पण त्या पायाच्या हाडाचा मालक दुसरा कुणी होता असं पक्कं दाखवता आलं नाही तोवर मीही प्रश्नचिन्ह पुसणार नाही.

बरेच लोक विचारतात की टार्सियर नसेल तर नाव का बदलत नाहीत. प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे आधी रीतसर दिलेलं नाव टिकतं, अर्थ चुकीचा निघाला तरीही. नाव ही फक्त ओळख आहे, वर्णन नाही. आपल्याकडे काळे आडनावाची माणसं गोरी असतात, ते आडनाव बदलत नाहीत. याचं सगळ्यात भारी उदाहरण त्याच फायूम प्रांतात आहे. तिथे वादी अल-हितान म्हणजे देवमाशांची दरी आहे, २००५ पासून जागतिक वारसा स्थळ, वाळवंटात देवमाशांचे आख्खे सांगाडे पडलेत. त्यातल्या एकाचं नाव बॅसिलोसॉरस, अर्थ राजा सरडा. १८३४ मधे अमेरिकेत मिळालेल्या हाडांवरून रिचर्ड हार्लनला तो समुद्री सरपटणारा प्राणी वाटला होता. पुढे इंग्लंडमधे रिचर्ड ओवेनने त्याचे दात बघितले, दाढांना दोन मुळं दिसली, आणि ही तर सस्तन प्राण्याची खूण. तो देवमासा निघाला. ओवेनने नवं नाव सुचवलंही, पण नियमाने जुनंच राहिलं. तिथेही दातांनीच सांगितलं.

मग खरे जीवाश्म टार्सियर कुठले, तर ते आशियात मिळतात आणि आता बरेच आहेत. चीनच्या शांग्हुआंगमधला टार्सियस इओसिनस, साडेचार कोटी वर्षांच्या आसपासचा. चीनमधलाच झँथोरायसिस, पिवळ्या नदीवरून नाव, १९९८. चीनच्याच युन्नान प्रांतातला ऑलिगोटार्सियस, २०१६. थायलंडच्या माए मोह कोळसा खाणीतला टार्सियस सिरिंधोर्ने, तिथल्या राजकन्येच्या नावाने, सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचा. आणि आपल्या सगळ्यात जवळचा म्हणजे हेस्परोटार्सियस, २०१३ मधे वर्णन झालेला, पाकिस्तानातल्या सिंधमधल्या मायोसीन काळातल्या, म्हणजे साधारण २ कोटी ३० लाख ते ५० लाख वर्षांपूर्वीच्या, खडकांतून. हेस्पर म्हणजे पश्चिम, कारण इतक्या पश्चिमेला दुसरा खरा टार्सियर मिळालेला नाही. सिंध म्हणजे कच्छच्या पलीकडची बाजू. म्हणजे एके काळी टार्सियर भारतीय उपखंडात होते! गिन्सबर्ग आणि मॅं यांनी १९८७ मधे वर्णन केलेला तो थायलंडचा टार्सियरही आता याच हेस्परोटार्सियसमधे घालतात.

यातल्या शांग्हुआंगबद्दल सांगायचं म्हणजे तिथे चुनखडीच्या भेगांमधे अंगठ्याएवढ्या प्रायमेट्सची हाडं साचलीत आणि ती घुबडांच्या गोळ्यांमधून आली असावीत असं तिथे काम करणाऱ्यांना वाटतं. माझ्या माळ्यासारखंच, फक्त साडेचार कोटी वर्षं जुनं. त्याच ठिकाणच्या टार्सियस इओसिनसचा आधी नुसता दातांवरूनच परिचय होता आणि तेव्हाही कुरकुर होती की हा खरंच टार्सियर का. मग त्याच्या चेहऱ्याचा एक छोटा तुकडा मिळाला, २००६ मधे त्याचं वर्णन आलं, आणि त्यात डोळ्याची खोबण किती मोठी होती ते दिसलं. आजच्या टार्सियरसारखी. त्या एका तुकड्याने खूप काही मिटवलं.

अफ्रोटार्सियस माकडांच्या बाजूचा असेल तर त्याच्या डोळ्यामागे हाडाची भिंत जास्त भरलेली मिळेल, टार्सियर असेल तर ती भिंत अर्धवट आणि खोबण बशीसारखी मोठी मिळेल. बघायचं एवढंच आहे. पण चेहऱ्याचा तसा तुकडा ना फायूमच्या झाडूखाली आलाय ना लिबियाच्या चाळणीत.